राखणीचं मचाण बांधताय? मजबूतच बांधा

राधानगरी-दाजीपूरकडं ज्यांची शेतं आहेत त्यांना गवा आणि रानडुक्कर म्हणजे काय ते सांगायला नको, एका रात्रीत उसाचं वाटोळं. कोल्हापूर संस्थानच्या काळात दाजीपूरचं जंगल शिकारीसाठी राखीव होतं, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीवर बंदी आली, माझ्या मते लई बरं झालं, पण राखणीला मचाण अजून लागतंच.

उंची दहा-बारा फूट बास. खांब दोन-अडीच फूट गाडायचे, बुडाला डांबर लावायचं नाहीतर वाळवी पोखरते, आणि चारी बाजूंनी फुलीसारखी तिरकी लाकडं मारायचीच, कारण नुसत्या चार खांबांवर वरचा माणूस कुशीवर वळला तरी सगळं डुलतं. जोडाला खिळे नकोत, लाकूड पावसात फुगतं उन्हात आकसतं आणि खिळा सैल होतो, नटबोल्ट असला की पान्यानं परत आवळता येतो.

वर कठडा पाहिजेच हो, पहाटे डुलकी लागते. शिडी चढताना बॅटरी गळ्यात अडकवा, दोन्ही हात मोकळे ठेवा. आणि गव्यांच्या रोजच्या वाटेवर तर अजिबात बांधू नका.