घरी आले होते, मग परत का नेलं?

बाजारात, लग्नात, शाळेच्या फाटकाशी, कुठेही भेट झाली की पहिला प्रश्न मायेचा असतो : "आते कसं वाटस ताई?" दुसरा जरा दबक्या आवाजात येतो : "पन तू घर उनी व्हती ना, मंग परत काबरं लई गयात? ऑपरेशन बिघडनं व्हतं का?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि सविस्तरच सांगते. "नाही हो, बिघडलं नव्हतं" एवढंच म्हटलं की समोरची बाई मान हलवते आणि बिघडलंच होतं असं मनात धरून जाते. उद्या तिच्याच घरात कुणी छातीवर टाके घेऊन आलं, तर ही समजूत तिला नडेल.

माझं ऑपरेशन हृदयाच्या झडपेचं होतं. लहानपणी घसा धरून ताप यायचा, मग आज गुडघा, उद्या मनगट असे सांधे सुजायचे. सांधे बरे झाले, पण त्या तापाने हृदयाच्या झडपेला जी इजा केली ती राहिली. असा संधिवाताचा ताप लहान मुलांनाच जास्त येतो, आणि झडप अरुंद होऊन दम लागेपर्यंत पुष्कळदा वीस-पंचवीस वर्षं निघून जातात. माझं तसंच झालं. शाळेचा जिना चढवेना, तेव्हा नाशिकला मायट्रल झडप काढून तिथे धातूची बसवली. त्यासाठी छातीचं मधलं हाड करवतीने उभं कापतात, हृदय थांबवून रक्त यंत्रातून फिरवतात आणि शेवटी हाड स्टीलच्या तारांनी बांधून टाकतात. तारा जन्मभर आतच राहतात. ऑपरेशन उत्तम झालं. ती झडप तेव्हाही नीट चालत होती, आजही चालते. घर निजलं की तिची टिकटिक मला ऐकू येते.

घरी आले ते आखाजीच्या तोंडावर. अमळनेरचं ऊन त्या दिवसांत कसं असतं ते तुम्हाला सांगायला नको, पारा 43-44 वर. गल्लीत माहेरवाशिणी आलेल्या, झोके बांधलेले, आमच्या गच्चीवर बिबडे आणि कुरडयांची वाळवणं चाललेली. मला त्यातलं काहीच करायचं नव्हतं. हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पक्कं व्हायला तीन महिने. तोवर सोऱ्या दाबायचा नाही, भाकरी थापायची नाही, आणि नळाला पाणी आलं तरी कळशीला हात लावायचा नाही. भरली कळशी सहज दहा-बारा किलोची होते आणि तिचा सगळा ताण छातीवर येतो. अंथरुणातून उठताना हात टेकायचे नाहीत, कुशीवर वळून पाय खाली सोडायचे. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. तीन चेंडूंचं ते यंत्र तोंडाला लावून श्वास ओढायचा. हे सगळं दवाखान्यात शिकवलं होतं आणि घरात सगळ्यांनी मनावर घेतलं होतं.

काही त्रास होणार हेही सांगितलं होतं. तोंडाला चव नसते. पाठ आणि खांदे धरतात. झोप तुकड्या-तुकड्यांनी येते. काही कारण नसताना डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं. मी रडायचे तेव्हा सासूबाई काही न बोलता पाठीवरून हात फिरवत बसायच्या. ते रडणं असं हृदय थांबवून केलेल्या ऑपरेशननंतर पुष्कळांना येतं, त्यात मनाचा कमकुवतपणा काही नाही, हे मला इथे मुद्दाम लिहावंसं वाटतं.

आधी मी गल्लीच्या टोकापर्यंत चालून येत होते. मग ओट्यापर्यंतच जावंसं वाटू लागलं, मग तेवढंही नको वाटायला लागलं. जेवण समोर आलं की मळमळायचं. लघवी कमी झाली. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलकी घ्यायची. येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, एवढं मोठं ऑपरेशन, अशक्तपणा राहणारच. कुणी म्हणायचं, ऊन बाधलं, ताक द्या. म्हणणं चुकीचं वाटावं असं त्यात काही नव्हतंच. त्या उन्हात धडधाकट माणसंही गळून गेलेली होती.

आमच्या मोठ्या जाऊबाई सातवीपर्यंत शिकलेल्या. दवाखान्याने दिलेली वही त्या रोज सकाळ-संध्याकाळ भरायच्या : नाडी, रक्तदाब, ताप, वजन. एका संध्याकाळी त्यांनी वही ह्यांच्यापुढे धरली. नाडी 84 होती, मग 92, मग 104, त्या दिवशी 118. वरचा रक्तदाब 120 वरून 96 वर आलेला. "अशक्तपणा ऱ्हातस, पन तो कमी व्हवाले पाह्यजे ना भाऊ? हाऊ त वाढी ऱ्हायना," एवढंच त्या म्हणाल्या आणि डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर लावायला लावला. पलीकडून विचारलं, सपाट झोपवतं का, मानेच्या शिरा फुगलेल्या दिसतात का? आणि सांगितलं, सकाळची वाट पाहू नका, जवळ जिथे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, होतो तिथे आत्ता न्या.

धुळ्यात इको झाला. हृदयाभोवती एक पातळ पिशवी असते, तिच्यात पाणी साठलं होतं. ती पिशवी झटकन ताणली जात नाही, त्यामुळे पाणी वाढलं की ते हृदयालाच दाबतं. हृदयाचे कप्पे पुरते भरत नाहीत, दर ठोक्याला रक्त कमी बाहेर पडतं, मग नाडी पळते आणि रक्तदाब उतरतो. तिथल्या डॉक्टरांनी नाशिकला फोन केला आणि ॲम्ब्युलन्स महामार्गाला लागली. मालेगाव कधी मागे पडलं ते मला आठवत नाही. नाशिकला बारीक नळी घालून लालसर पाणी काढलं. ते उतरत असतानाच मला श्वास पुरू लागला. इतक्या लवकर बरं वाटेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

असं का होतं? हृदय उघडलं की काहींच्या शरीरात त्या पिशवीला सूज येते आणि तिला पाझर फुटतो. टाके भरत आलेले असताना, घरी गेल्यावर काही आठवड्यांनीही ते होऊ शकतं. त्यात धातूची झडप असली की रक्त पातळ ठेवणारी गोळी लागतेच, तिने पाझर वाढतो. गोळी बंद करावी तर झडपेवर गुठळी धरायची भीती. म्हणून त्यांनी ती थोडे दिवस थांबवली आणि तपासण्या करत पुन्हा सुरू केली. सर्जनची चूक नाही, माझ्या खाण्याची नाही, नजर लागली म्हणून तर नाहीच नाही.

दुसऱ्यांदा घरी आल्यावर सल्ल्यांचा पूर आला. एका ओळखीच्या बाईंनी सातपुड्यातली जडीबुटी आणून दिली, अगदी जीव लावून. मी ती घेतली नाही. पाझर थांबवायला मला कोल्चिसीनची गोळी चालू होती. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी कळलावी फुलते, तिच्यातही हेच द्रव्य असतं, आणि कळलावीला हात लावू नको हे आपण लहानपणापासून ऐकतो. वनस्पतीत ताकद असते म्हणूनच मी अंदाजाने काही घेत नाही. ॲसिट्रॉम, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी ती गोळी, चालू असलेल्या माणसाने अंगदुखीची गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घेऊ नये, रक्तस्राव होऊ शकतो.

भरीत मात्र सुटलं नाही, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. आपल्या भरतात कांद्याची पात असते, कोथिंबीर असते, आणि हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व ह्या गोळीच्या उलट काम करतं. पण पाला बंद करायचा नसतो, रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. एक दिवस ताटभर मेथी आणि पुढे पंधरा दिवस काहीच नाही, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, वर-खाली होतो. माझा 2.5 ते 3.5 मध्ये ठेवायला सांगितलाय. भरीत वाटीभर, कळण्याची भाकरी, मीठ बेताचं. पापड-बिबड्यांना मात्र मी आता नाही म्हणते.

"परत नेलं" हे शब्द आपल्याकडे अशुभासारखे उच्चारले जातात, हे मला फार लागतं. गाडीचा खर्च, पुन्हा सुट्टी, डॉक्टर रागावतील ही भीती, ह्या सगळ्यावर लोक काय म्हणतील ह्याचा भार. बाई आजारी असली तर तिला स्वतःलाच वाटतं, किती जणांना धावायला लावायचं? म्हणून ती गप्प बसते, आणि घरचे त्याला सहनशक्ती म्हणतात. ताप चढला, जखमेतून पाणी आलं, कूस बदलताना हाड कटकटलं, हिरडीतून रक्त आलं, शौच काळी झाली तर त्याच दिवशी फोन करा. बोलताना जीभ अडखळली तर फोनही नंतर, आधी गाडी.

मागच्या थंडीत चोपड्याहून ह्यांच्या मित्राचा फोन आला. वडिलांची बायपास झालेली, रात्री उशा वाढवत चाललेत, नेऊ की दोन दिवस पाहू? नाडी मोजून ठेवलीय का, मी विचारलं. नव्हती. घेऊन जा म्हटलं. फुप्फुसाबाहेर थोडं पाणी साठलेलं निघालं, गोळ्यांवर भागलं, संध्याकाळी घरी आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने फोन करून विचारलं, "ताई, वहीत काय काय लिहायचं?" मी फोन जाऊबाईंकडे दिला.