तुम्ही विचारलेत म्हणून: किती सीसीची घ्यावी?

पाटण तालुक्यातल्या डोंगरवाटांवर मी एटीव्ही, म्हणजे मोटरसायकलसारखे हँडल असलेली चारचाकी रानगाडी, चालवतो हे कळले की साताऱ्याचा माणूस असो वा सांगलीचा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती सीसीची घ्यावी?" गाडीवरचे सामान पाहिल्यावर दुसरा येतो: "चारही चाके ओढणारी गाडी असताना विंच आणि पट्टे कशाला?" (विंच म्हणजे झाडाला दोर बांधून अडकलेली गाडी ओढणारे, गाडीवर बसवलेले यंत्र.) आजवर मी तुटक उत्तरे दिली आणि त्यातून मी भित्रा किंवा उधळ्या आहे असा समज पसरला. म्हणून एकदा नीट लिहितो.

सीसी चढाला उपयोगी पडते. पण चढ आवाक्याबाहेरचा दिसला तर पायथ्यालाच गाडी वळवता येते; उतार घरी परतण्याच्या वाटेवर असतो, तो टाळता येत नाही. म्हणून विक्रेत्याला मी आधी हे विचारले की अंगठ्याने दाबायचा थ्रॉटल (वेग वाढवायची कळ) पूर्ण सोडल्यावर इंजिन चाकांना रोखून धरते का, आणि धरत असेल तर चारही चाकांना की फक्त मागच्या. या गाड्यांत बहुधा पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारी स्वयंचलित गिअर यंत्रणा असते. इंजिनाचे फेरे कमी झाले की पुढची पुली पट्टा सैल सोडते, आणि इंजिनाचा रोध टिकवण्याची वेगळी सोय नसेल तर गाडी मोकळी सुटते. रोध फक्त मागच्या चाकांना असेल तर तीव्र उतारावर तोही पुरत नाही, कारण भार पुढे गेलेला असतो आणि मागची चाके हलकी होऊन घसरतात.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. परतीच्या पावसानंतर आम्ही तिघे आमच्याच मालकीच्या रानातून खाली येत होतो. चुलतभावाची गाडी मागच्या चाकांवर चालणारी, हलकी. ओल्या गवताखाली सुटा मुरूम होता. त्याने अंगठा सैल सोडला तशी गाडी सुटली, त्याने ब्रेक दाबला तशी मागची चाके जागच्या जागी अडकली, गाडी आडवी फिरली आणि उलटून घळीच्या काठाला त्याच्या पायावर पडली. सपाटीवर दोघांनी उचलली असती अशी ती गाडी त्या उतारावर आम्हाला हलेना. एक बाजू उचलावी तर दुसरी त्याच्या पायावर रुतत होती. विंच नव्हता. वाडीवरून बैलगाडीचा सोल, म्हणजे जाड दोर, आणला, तो वरच्या ऐनाच्या झाडाला बांधून गाडी आणखी खाली सरकू नये एवढेच साधले, आणि पहारी घेऊन माणसे येईपर्यंत मी त्याचे डोके मांडीवर घेऊन बसलो होतो. तो ओरडत नव्हता, त्याचीच मला जास्त भीती वाटत होती. झोळीतून त्याला खाली नेले. पायाचे हाड दोन ठिकाणी मोडले होते आणि तो आजही किंचित लंगडतो. लोक म्हणतात, त्याने ब्रेक दाबायला नको होता. त्या जागी कोणीही तेच केले असते, आणि हे मी त्यांना दर वेळी सांगतो.

होय, सामान भीतीपोटी घेतले आहे. विंच ३५०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १५८८ किलो ओढीचा आहे. पण ही ओढ ड्रमवरच्या सर्वांत आतल्या थराची असते, दोर जितका गुंडाळलेला राहील तितकी ती कमी होते. म्हणून सोबत पुली ठेवतो, तिने वेग निम्मा होतो आणि ओढ जवळपास दुप्पट. तारेऐवजी कृत्रिम धाग्याचा दोर घेतला, कारण तुटलेली तार माणसाला कापू शकते. झाडाची साल सोलू नये म्हणून रुंद पट्टा आहे. टायरची हवा पाच ते सात पौंड असते, ती मोजायला वेगळा गेज लागतो. सवयीने तीस पौंड भरणाऱ्या पंक्चरवाल्याकडे मी हे टायर सोपवत नाही.

तरी पूर्वीचा मी म्हणायचो की हलकी गाडी बरी, दोघांत उचलता येते, आणि त्याचे म्हणणे मला आजही पूर्ण खोडता येत नाही. माझी आताची गाडी सामानासह इतकी जड आहे की ती अंगावर आली तर काय होईल याचा विचार मी प्रत्येक उतारावर करतो. शिवाय उघड्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, विंच बांधायला झाडच नसते. अर्थात जांभ्याच्या पठारांवर चाक घालण्याचा प्रश्नच येत नाही: कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, कोयनेचे रान व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि तिथल्या मातीचा थर इतका पातळ आहे की चाकोरी लवकर बुजत नाही. आमचे रान आणि परवानगी दिलेल्यांची शिवारे, एवढीच माझी हद्द. बहुतेक एटीव्हींची रस्त्यासाठी नोंदणीही होत नाही, तेव्हा पिकअपचे भाडे खर्चात धरावेच लागते.

तोच चुलतभाऊ आता पुन्हा गाडी घ्यायची म्हणतो आणि मलाच विचारतो. चारही चाकांना इंजिनाचा रोध देणारी, साडेपाचशे सीसीच्या आसपासची घे, असे मी त्याला सांगितले आहे. त्याने मुळीच घेऊ नये असेही मला वाटते, आणि वहिनींनी विचारले तर यातले कोणते उत्तर द्यायचे हे मी अजून ठरवलेले नाही.