पावणेतीन मिलिमीटर

“डबा आपला, पण रूळ आपले नाहीत रे.”

काका एवढंच म्हणाले. मी कौतुकाने जुना निळा-पांढरा रंग, लाल पट्टी दाखवत होतो. सहा महिने पैसे साठवून घेतलेलं डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारचं छोटं मॉडेल! त्यांनी ते सरळ उलटं केलं आणि चाकं पाहिली. रेल्वेत रुळांच्याच कामावर सगळी नोकरी काढलेला माणूस, दुसरं काय बघणार.

बरोबरच होतं त्यांचं. माझी मॉडेलं एचओ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या १:८७. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, कारण हिशेब युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचा (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर). आपलं ब्रॉडगेज १६७६. म्हणजे रूळ साधारण १९.३ हवेत. माझ्या शेल्फवर डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनापासून मालगाडीच्या वाघिणींपर्यंत सगळे पावणेतीन मिलिमीटर अंग चोरून उभे आहेत.

आणि मी? निळ्याची छटा जुळत नाही म्हणून एक डबा परत केला होता. खाली कधी वाकून पाहिलंच नाही.

“चालव की आता,” काका चहा पिता पिता म्हणाले. चालवली. झकास पळाली. माझी नजर मात्र चाकांवरून हटेना.

कुणी चाकजोड्या बदलून रुंद रूळ टाकलेत का? किती खर्च येतो? (बायकोने विचारलंय.)