ओहोटीची वाट

कलशाचे फडके सोडून मी पाण्याकडे वाकलो, तोच मागून एक वृद्ध कोळी म्हणाले, "ओट थवा दो, पछी पधरावजो." ओहोटी लागू द्या, भरतीत सोडलेले काठावरच परत येते.

बाबांच्या अस्थी आम्ही बडोद्याहून पादरा, जंबुसरमार्गे कावी-कंबोईला आणल्या होत्या, कारण चांदोदला नर्मदेत नव्हे, तर मही जिथे खंभातच्या आखाताला मिळते तिथे जायची त्यांची इच्छा होती.

तिथल्या स्तंभेश्वर महादेवाची पिंड भरतीच्या पाण्याखाली होती. ती पुन्हा दिसेपर्यंत आई कलश मांडीवर घेऊन, त्यावर दोन्ही हात ठेवून बसली आणि हळूच म्हणाली, "एवढा निवांत वेळ आम्हांला कधी मिळालाच नव्हता."

गेल्या तेरा दिवसांत आम्ही मुले इतक्या घाईने काय उरकत होतो?