उंदीर की बेडूक

सहा वर्षांचा भाचा बाही खांद्यापर्यंत सारून, दातओठ खात म्हणाला, "मामा, बघ माझी बेटकुळी!" दंडावर सुपारीएवढं काहीतरी उठलं होतं. मी बोट लावून "बापरे!" म्हणालो. मग अर्थातच, "आता तुझी दाखव." माझी शर्टातच राहिली. दोन आठवडे दंड ठणकतोय, आणि फिजिओथेरपिस्ट बाई म्हणतात, "मसल आखडलाय."

हा 'मसल' दिसतो डॉक्टरी, पण आहे पोरकट. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर आणि 'मस्क्युलस' म्हणजे पिटुकला उंदीर. ग्रीकांकडे तर उंदराला आणि स्नायूला शब्दच एक. त्यातूनच डॉक्टरी शब्दांच्या सुरुवातीचा 'मायो' आला, म्हणजे हृदयाच्या स्नायूत, 'मायोकार्डियम'मध्येही उंदीर आहेच. आपल्या गणपतीचा मूषकही याच भाऊबंदकीतला. पण मराठी माणसाच्या दंडात तो शिरला नाही. तिथे आपल्याला बेडकी दिसली. बेडकुळी, बेटकुळी.

माझं मत बेडकीला. दंड फुगतो आणि फुगून बसून राहतो, हे काम उंदराचं नव्हे. पण हात कोपरात पटापट दुमडून, सरळ करून बघा: कातडीखाली कोणीतरी सुळकन पुढे येतं, सुळकन मागे जातं. तेव्हा रोमन माणसाचंही पटतं. त्यात हा उंदीर दोन तोंडांचा, कारण दंडाच्या या स्नायूचं नाव 'बायसेप्स', म्हणजे दोन डोक्यांचा. आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचा 'द्विशिरस्क' केला, आणि मुलांनी तो पाठ केला.

खरी गंमत 'स्नायू'ची. सुश्रुताने शरीरात 900 स्नायू आणि 500 पेशी मोजल्या. त्याच्या लेखी स्नायू म्हणजे सांधे बांधणारे दोर, आणि मांसाचे गोळे त्या पेशी. आपण स्नायू मांसाला दिला, पेशी सूक्ष्मदर्शकाखाली नेली. एवढ्या उलथापालथीत बेटकुळी तेवढी होती तिथेच राहिली. रिपोर्टात मात्र तिला कोणी लिहीत नाही.

भाच्याला उंदराची गोष्ट सांगितली. तेव्हापासून तो हात दुमडतो-सोडतो आणि ओरडतो, "पळाला, पळाला!" मी बाईंनी सांगितल्याप्रमाणे पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलतोय, रोज वीस वेळा. माझा बेडूक अजून उन्हाळ्यातच आहे, मातीत खोल.