छान आहे मामा

कालपासून एकच शब्द डोक्यात अडकलाय. छान.

काल ताईकडे गेलो होतो. तीच ओमला म्हणाली, मामाने बनवलेला गेम खेळून दाखव ना, मग तो नवीन टॅब घेऊन बसला. पहिल्याच विहिरीत गेममधला बोका पडला. परत पडला. परत. मी मागे उभा राहून मोजलं, ९ वेळा, आणि दर वेळी "अरे कडेला आला की दाब, कडेला!" असं ओरडत होतो (असं करायचं नसतं, गप्प बसून बघायचं असतं, माहितीये मला, तरी). मग त्याने टॅब हळूच खाली ठेवला आणि म्हणाला, "छान आहे मामा."

बाकीच्या गेमना हा पोरगा दोन मिनिटांत बकवास म्हणून डिलीट मारतो. मला मात्र छान. लोकांकडे गेल्यावर पोह्यात मीठ नसलं तरी आपण म्हणतो ना, तसलं छान. ९ वर्षांच्या पोराने मला सांभाळून घेतलं.

३ वर्षं झाली. रात्री साडेदहा ते साडेबारा, शनिवारी जरा जास्त. अंजू काही बोलत नाही, तो वेगळा विषय. म्हाद्या म्युझिक देणार होता, जाऊ दे. ज्याला ज्याला दाखवलं तो छानच म्हणाला आणि मी येड्यासारखा ते खरं धरून पुढे पुढे बनवत गेलो. ४ महिने नुसता दुकानाचा मेन्यू केलाय, बोका दूध घेतो, सुके बोंबील घेतो, काय काय, आणि ओम तिथवर पोचलाच नाही. पहिली लेव्हल मी सगळ्यात आधी बनवली, म्हणजे मला काही येत नव्हतं तेव्हाची, आणि येणारा माणूस नेमकी तीच आधी बघणार. ती शेवटी बनवायला हवी होती. शिवाय ती विहीर मी इतक्या वेळा ओलांडलीये की बोटं आपोआप उडी मारतात, त्यामुळे अवघड काय हे मला कळणारच नाही.

स्टीमवर, म्हणजे गेम विकायच्या ऑनलाइन दुकानात, गेम टाकायचे १०० डॉलर अजून भरायचेत. १००० डॉलरची कमाई झाली की ते परत मिळतात. छान.

अशा वेळी मी स्वतःला एरिक बॅरोनची गोष्ट सांगतो. स्टारड्यू व्हॅली हा गेम त्याने साडेचार वर्षं एकट्याने बनवली, चित्रं, म्युझिक, कोड सगळं, आणि सोबत थिएटरात लोकांना जागा दाखवायची पार्टटाइम नोकरी. २०१६ ला गेम आला आणि तुफान चालला. काल रात्री तेही सांगून बघितलं. त्याचा भाचा काय म्हणाला होता ते काही कुठे सापडत नाही.

झोप येईना म्हणून लॅपटॉप उघडला. प्लॅटफॉर्मर, म्हणजे उड्या मारत पुढे जायच्या गेममध्ये एक सवलत असते, कायोटी टाइम म्हणतात, कार्टूनमधला तो कोल्हा कड्यावरून पुढे गेला तरी क्षणभर हवेत चालत राहतो ना, तसं कड सुटल्यावरही जराशी उशिरा मारलेली उडी चालवून घ्यायची. मी ६ फ्रेम ठेवल्या होत्या. लॅपटॉपची स्क्रीन ६० हर्ट्झ, सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवते, म्हणजे ६ फ्रेम हा सेकंदाचा दहावा भाग, ठीक. ताईचा टॅब १२० हर्ट्झ. मी मोजल्या फ्रेम, सेकंद नाही. म्हणजे पोराला निम्माच वेळ मिळत होता!! तो उशीर करतच नव्हता, आणि मी मागून कडेला, कडेला.

एका ओळीचं काम. गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) हे पहिल्या आठवड्यात शिकवतात, बहुतेक मी तेव्हा बोंबलाचं चित्र काढत असेन.

इतका आनंद झाला की एकटाच हसलो. मग परत तेच, की विहीर ओलांडली असती तरी तो छानच म्हणाला असता का? तेव्हाचं छान कसं ऐकू आलं असतं?

१२:४० ला ताईला गेमचा नवीन बिल्ड, म्हणजे दुरुस्त केलेली आवृत्ती, पाठवला, ओमला दे म्हणून. तिचा रिप्लाय, "तो झोपलाय. तूही झोप."

जरा वेळाने अजून एक आला. "तू गेल्यावर विचारत होता, मामाचं मांजर आंधळं आहे का."

चला, बोलला तरी. मला नाही, पण बोलला.