सरकत्या वाळूवरची लाट

सर्फिंगमध्ये नवशिक्याचे सगळे कौतुक करतात आणि पट्टीच्या सर्फरकडे सगळे आदराने पाहतात. मधल्या पायरीवरच्या माणसाकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष जात नाही. फुटून गेलेल्या लाटेच्या पांढऱ्या फेसावर तो आता न पडता उभा राहतो, पण न फुटलेल्या लाटेच्या हिरव्या उतारावर वेळेत उठून तिच्या कडेकडेने तिरके जाणे त्याला दर वेळी साधतेच असे नाही. मी या पायरीवर बरीच वर्षे सुखाने नांदत आहे, आणि येथे पोचलेल्याने खडकावरच्या किंवा प्रवाळावरच्या नामांकित लाटांच्या नादी न लागता वाळूचा किनारा धरावा, असे माझे ठाम मत आहे. पुण्यात ठाम मताला अनुभवाची अट नसते, पण या बाबतीत थोडाफार अनुभवही आहे.

ऑलिंपिकमध्ये सर्फिंग पहिल्यांदा आले ते २०२१ साली, वर्षभर पुढे ढकललेल्या टोकियोच्या स्पर्धांत, आणि ते त्सुरिगासाकी या वाळूच्या किनाऱ्यावर झाले. पॅरिस ऑलिंपिकसाठी २०२४ मध्ये निवडलेली लाट ताहितीतल्या तेआहुपोची होती, जी उथळ प्रवाळावर फुटते. तेआहुपो पाहताना छाती दडपते. त्सुरिगासाकीच्या विस्कळीत पाण्यात जगातले उत्तमोत्तम खेळाडू बरी लाट शोधत इकडून तिकडे जाताना पाहिले, की मला जास्त आपलेपणा वाटतो.

लाट कोठे फुटणार हे तळ ठरवतो. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की लाटेचा पायथा रेंगाळतो, माथा पुढे धावतो आणि ती कोसळते. म्हणजे मीटरभर उंचीची लाट सव्वा मीटरच्या आसपास पाणी असेल तेथे फुटते. खडकावर ही जागा वर्षानुवर्षे तीच राहते. वाळूच्या किनाऱ्यावर मात्र ती पाण्याखालच्या उंचवट्यांवर अवलंबून असते आणि हे उंचवटे एका पावसाळ्यात, कधी एका वादळातही, जागा बदलतात. पावसाळ्यातल्या उंच लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात आणि तिचे उंचवटे रचतात. पुढे हिवाळ्यातल्या सौम्य लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात. त्यामुळे मार्चमध्ये जेथे सुरेख लाट मिळाली तेथेच ती ऑक्टोबरमध्येही मिळेल असे धरून गेलेला माणूस, रातोरात एकेरी झालेल्या रस्त्यात शिरलेल्या दुचाकीस्वारासारखा गोंधळतो.

वाळू मऊ असते म्हणून ती मधल्या पायरीवरच्यांना सोयीची, असे नेहमी सांगितले जाते. त्यात तथ्य आहे, पण उथळ पाण्यात डोक्यावर पडणाऱ्याची मान वाळूवरही मोडू शकते. मला तिचा मोठा गुण हा वाटतो, की तिच्यापुढे पाठांतर चालत नाही.

पुण्याहून या वाळूपर्यंत पोचायचे तर रात्रीच्या बसने गोवा गाठून पुढे मांद्रे किंवा आश्वे. तोपर्यंत गच्चीवर चटई टाकून पालथे पडायचे आणि एका झटक्यात उठून उभे राहायचे, एवढाच सराव; शेजारच्यांना तो सूर्यनमस्काराचा बिघडलेला प्रकार वाटतो. उरलेली तयारी भरती-ओहोटीची. माझी आत्या मूळची गुहागरची, आता राहते सदाशिव पेठेत. मी फोनवर भरतीचा तक्ता शोधत होतो तेव्हा भिंतीवरच्या कालनिर्णयकडे एकदा पाहून ती म्हणाली, "आज षष्ठी ना रे? मग साडेचारला भरती. त्याला फोन कशाला हवा?" तिथीला पाऊणने गुणायचे, हा कोकणातला जुना हिशेब. गोव्यात भरती मुंबईपेक्षा थोडी आधी येते एवढी सूट धरली, तर तो ढोबळमानाने उपयोगी पडतो, आणि वाळूवर सर्फ करणाऱ्याला तो लागतोच. कारण भरलेल्या पाण्यात लाट उंचवट्यावरून न फुटताच निघून जाते, तर पूर्ण ओहोटीला तिची अख्खी भिंत एकदम कोसळते. हाती लागणारी लाट बहुधा या दोहोंच्या मधल्या पाण्यात असते.

लाट मुळात येणार की नाही, हे तिथी सांगत नाही. त्यासाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा सागरी अंदाज आहे, आणि फोनवरची ॲप्स तर आहेतच. सगळे उंची पाहतात. मी आधी दोन लाटांमधले सेकंद पाहतो. पाच-सहा सेकंदांच्या लाटा जवळपासच्या वाऱ्याने उठवलेल्या, नुसत्या हिंदकळणाऱ्या असतात. चौदा-पंधरा सेकंदांची लाट हिंदी महासागराच्या पार दक्षिणेकडच्या वादळातून हजारो किलोमीटर येते, पण सरळसोट उंचवट्यावर तीही एका रेषेत कोसळते आणि तिरके जायला वाटच ठेवत नाही. वाळूवर दोन दिशांच्या मध्यम लाटा एकमेकींना छेदत असतील तर उत्तम. त्या जेथे छेदतात तेथे शिखरे उठतात आणि दोन्ही बाजूंना उतार मिळतो.

पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो तोवर लाटेचा चेहरा स्वच्छ असतो. दुपारचा खारा वारा सुटला की तो विस्कटतो. तरीही आल्या आल्या पाण्यात शिरू नये. बोर्डावर मेण घासत किनाऱ्यावर बसावे आणि फेस पहिल्यांदा कोठे उमटतो ते पाहत राहावे. थोड्या वेळाने पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक काळसर, गुळगुळीत फट दिसू लागते, जिच्यात लाटा फुटत नाहीत. पर्यटक नेमके तेथे डुंबायला उतरतात, कारण ते पाणी शांत दिसते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर चढलेले पाणी त्या खोलगट वाटेने परत समुद्रात धावत असते. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून आधी बाहेर पडावे. सर्फर मात्र जाणूनबुजून तीच वाट धरतो, कारण ती त्याला फारसे हात न मारता फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे नेऊन सोडते.

पलीकडे रीत अशी, की शिखराच्या सर्वांत जवळ असेल त्याची लाट. दुसऱ्याने तिच्यात घुसायचे नाही. खडकाच्या जागी शिखर एकच, त्यामुळे तेथे दिवसभर पट्टीच्यांचेच राज्य चालते. वाळूवर चार शिखरे असतात आणि चौथे सहसा रिकामे. माझा डावा पाय पुढे असतो, म्हणून डावीकडे जाणारी लाट मला पाठीवर, म्हणजे तिच्याकडे पाठ ठेवून, घ्यावी लागते. तशी ती पुष्कळांना नकोच असते, त्यामुळे माझ्या वाट्याला येते. चार-पाच लाटा बऱ्या जातात, आणि तोवर ओहोटीने पाणी इतके उतरते, की त्या उंचवट्यावर सगळे एकदम कोसळू लागते. मग पुन्हा बाहेर येऊन, फेस आता कोठे आधी उमटतो ते पाहत बसायचे.